गोळी घेतलीस का?

प्रिय धाकटे,

तीन वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवातच गाऱ्हाण्याने करतेय, तर कपाळाला हात लावू नकोस. घरात ऐकून घ्यायला कुणी उरलेलं नाही. तुझ्या भावजींना काही बोलायला जावं, तर ते आधी विचारतात, गोळी घेतलीस का? परवा त्यांनी ओला टॉवेल मी कापून ठेवलेल्या रेशमी कापडावर टाकला. मी ओरडले. यावर कुणीही ओरडेल. हे शांतपणे उठले आणि गोळ्यांची डबी घेऊन आले. लेकीनेही तेच उचललंय. म्हणजे आता मला हक्काने रागवायचीसुद्धा सोय नाही. सगळं खापर गळ्यातल्या एका ग्रंथीवर.

थायरॉइड निघालंय. गेलं वर्षभर अंगातून नुसत्या वाफा निघत होत्या, छाती धडधडायची, पोटभर जेवूनही कपडे सैल होत चालले होते. मी सगळं वयावर ढकललं. मग हात थरथरायला लागले. सुईत दोरा ओवता येईना. एका नवरदेवाच्या कोटाला मी बाही उलटी जोडली, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंची पायरी चढले. रक्त तपासून त्या म्हणाल्या, ही ग्रंथी नको तेवढं राबतेय आणि सगळ्या शरीराला पळवतेय. गोळ्या रोज, तपासणी वेळच्या वेळी, आणि आपल्या मनाने काही बंद करायचं नाही. मी कसली ऐकतेय! हात स्थिर झाले तशा गोळ्या सोडल्या, आणि महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या. डॉक्टरीणबाई चांगल्याच तापल्या. त्यांना मात्र कुणी विचारत नाही, गोळी घेतलीत का म्हणून.

त्याच दिवशी त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? मी नाही म्हणाले. तेव्हा त्यांनी समजावलं की काहींची ग्रंथी उलट सुस्तावते. मग माणसाला सारखी झोप येते, थंडी वाजते, केस गळतात, चेहरा सुजतो, साध्या गोष्टी विसरायला होतात. एका बहिणीची पळते आणि दुसरीची बसकण मारते, असंही एकाच घरात होतं. पुढचं मला ऐकूच आलं नाही. डोळ्यांसमोर तू होतीस. आपल्या शिवणाच्या दुकानात मागच्या मशीनवर, भर दुपारी स्वेटर घालून, काजं करता करता पेंगणारी.

मी तुला आळशी म्हणाले. गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. कात्री आपटून, उद्यापासून येऊ नकोस, असंही म्हणाले, आणि तू खरंच आली नाहीस. तुझे भावजी माझी समजूत घालताना म्हणतात, तेव्हाही माझी ग्रंथीच बिघडलेली असेल. नव्हती. माझं दुखणं गेल्या वर्षीचं. तीन वर्षांपूर्वी मी ठणठणीत होते, आणि ते सगळं मीच बोलले. आपल्या बहिणीला एवढी थंडी का वाजते, हे एकदाही विचारलं नाही. मावशी सांगत होती, तुला अजून दोन जिने चढवत नाहीत. तर मुद्द्याचं एवढंच: तिथे जवळ जो कुणी डॉक्टर असेल त्याच्याकडे या आठवड्यात जा, बहिणीला थायरॉइड आहे असं सांग आणि रक्त तपासून घे. माझ्याशी बोलायचं की नाही, ते नंतर ठरव. पण आधी जा.

तुझीच, अजूनही असेन तर,
ताई