भाऊंच्या डोक्यावर हात

२ नोव्हेंबर, रविवार
उपासनेनंतर पाळक घरी आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच ओळखलं. पुढच्या रविवारी भाऊ चर्चमध्ये येणार. गावचे पुढारी, आता निवडणुकीला उमेदवार आहेत.

आमच्या मंडळीत पेरणी असो, परीक्षा असो, ऑपरेशन असो, माणूस पुढे येऊन गुडघे टेकतो. कुणी ज्येष्ठ डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतं. हल्ली ते मीच.
"भाऊंना तुम्हीच हात ठेवा, बाई. तुमचाच विद्यार्थी."
चर्चवरचे पत्रे भाऊंनी दिलेले. चर्चच्या जागेचा पंचायतीतला ठराव त्यांच्या हातात.
दावजीचं काय, विचारलं. तो विषय नको म्हणाले.

५ नोव्हें., बुधवार
श्रावणात दावजी गेला. त्याच्याच शेतात खणलेला खड्डा भाऊंच्या मागे फिरणाऱ्या पोरांनी बुजवला. ख्रिस्ती माणसाची माती गावात नको म्हणे. भर पावसात पिकअपमधून नवापूरच्या दफनभूमीत नेला. मी मागे बसले होते, त्याच्या बायकोजवळ, रेबेकाजवळ. रस्ता खराब. दावजीचे पाय फळीवर आपटायचे. रेबेका दर वेळी हाताने धरायची.
आज शेजारी कुणी लाकूड ठोकत होतं. मी धरायला हात पुढे केला. रिकाम्या खोलीत.

८ नोव्हें., शनिवार
भाऊंचा फोन. खड्ड्याचं विचारलं. "पोरे मन्हं ऐकतस नही, बाई."
प्रचाराला बरी ऐकतात, म्हटलं. हसला. वर्गात खोटं पकडलं की असाच हसायचा.

९ नोव्हें., रविवार
भाऊंनी गुडघे टेकले. मी हात ठेवला. केसांना तेल, डोकं गरम. पाळकांनी सवयीने विचारलं, आणखी कुणाची विनंती?
रेबेका उठली. घरी ती मावचीत बोलते, इथे मराठीत, सावकाश.
"माझ्या माणसाचा खड्डा ज्यांनी बुजवला, त्यांच्यासाठी मागा. ते मरतील तेव्हा त्यांना त्यांच्या शेतात माती मिळू दे."
हाताखाली भाऊंची मान ताठ झाली. मग सगळ्यांत आधी तेच "आमेन" म्हणाले. मोठ्याने.
मी काय प्रार्थना केली, आठवत नाही. हात दोनदा धुतला.

१० नोव्हें., सोमवार
सकाळी रेबेका दारात. आत आली नाही. बुजवलेल्या जागी दावजीच्या नावाचा दगड ठेवायचाय, उद्याच. पाळकांनी सांगितलं, मतदान होऊ दे, ठराव होऊ दे, मग बघू.
"भाऊच्या डोक्यावर ठेवला ना हात," ती म्हणाली. "तिथे मातीवर पण ठेवा, बाई."
उत्तराची वाट न बघता गेली. खांडबाऱ्याकडची जीप रोज सकाळी आठला सुटते. तिच्या शेतावरून जाते.