बार्लोत आपलं कुणी नाही

बार्लो, सस्कॅचवान
ता. १२ फेब्रुवारी १९६५

ती. तिसऱ्या आजोबांना,
लान-फोंगचा सा. न. वि. वि.

आपलं नवं वर्ष लागून दहा दिवस झाले आणि माझा नमस्कार आत्ता येतोय, रागावू नका. अक्षर वाईट आहे तेही चालवून घ्या. शाळा सोडून दोन वर्षं झाली, आणि आपली चिनी अक्षरं तर शाळेत नव्हतीच. आईनं पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर शिकवली तेवढीच येतात.

आईची बोटं थंडीत दुखतात म्हणून भांडी मी घासते. बाबा बरे आहेत. कॅफेत गर्दी असते, कारण या गावात बसायला दुसरी जागाच नाही.

बाबांनी विचारायला सांगितलंय की व्हँकुव्हरच्या मंडळानं हॉम आडनावाच्या लोकांची मोजणी काढलीय, त्यात आपलं घर आलं ना. इथे पाटीवर वाँग आहे, कागदावर वाँग आहे, गाव त्यांना चार्ली वाँग म्हणतं. ते म्हणतात, दुसऱ्याचे कागद विकत घेऊन या देशात आलो, चव्वेचाळीस वर्षं त्याचं नाव घालून फिरलो, निदान आपल्या माणसांच्या पुस्तकात तरी मी माझ्या नावानं असू दे. रोज जेवताना एकदा तरी विचारतात.

मोजणीवाले आजोबा इकडे आले असतील तर कॅफे बंद असेल. आम्हाला कुणी भेटलं नाही. तर पत्रानंच नाव घालता येईल का? हॉम सुई-चुंग, एवढंच लिहायचंय. तुम्ही तर बाबांचे सख्खे काका आहात.

लोभ आहेच, तो तसाच ठेवावा.
आपली नात,
लान-फोंग


व्हँकुव्हर
ता. २० फेब्रुवारी १९६५

चि. लान-फोंग हिस,
गुक-लुन आजोबांचे अनेक आ.

तुझं पत्र मंडळात चहाच्या वेळी आलं. अक्षर पोत्यावरचं वाटतं खरं, पण वाचता येतं. इथल्या दोन खजिनदारांचं तेवढंही येत नाही.

पत्रानं नाव घालता येत नाही. मोजणारा दारात येतो, तीन प्रश्न विचारतो: गाव कुठलं, आजोबांचं नाव काय, पिढीचं अक्षर, भावाभावांच्या नावात सारखं येतं ते, कोणतं. उत्तर तोंडानं द्यायचं, त्याच्यासमोर. एके काळी कागदावरची नावं इतकी विकली गेली की कागदावर आता आमचा विश्वास नाही. आणि मंडळातल्या कुणी स्वतःच्या नात्यातल्या घराची साक्ष द्यायची नाही, हाही नियम. तो मीच केला. तेव्हा फार हुशारी वाटली होती.

आता दुसरी गोष्ट. आपले मोजणीवाले येन-फाय बार्लोला येऊन गेले. सहा तारखेला, दुपारी. कॅफे उघडा होता. वहीत त्यांनी लिहिलंय, ‘पोरगी, सतराएक वर्षांची, इंग्रजी बोलते. म्हणाली हॉम कुणी नाही. बार्लोत आपलं कुणी नाही.’ कोण गं ही? तुझ्या बापानं कामाला ठेवलीय का कुणी? ठेवली असेल तर तिला सांग, सत्तर वर्षांच्या माणसाला बसची वेळ होईपर्यंत आत बसवायला काय जात होतं. धान्याच्या कोठारापाशी वाऱ्यात उभे राहिले बिचारे. आता मूस जॉच्या हॉस्पिटलात पडून आहेत, छाती भरलीय. वही उशाखाली आहे, कुणाला हात लावू देत नाहीत.

मात्र त्या पोरीला फार बोलू नकोस. आपल्याच घराण्याला तोंड नाही बोलायला. तुला ठाऊक आहे ना आपलं नाव कुठून आलं? अडीच हजार वर्षांपूर्वी तान नावाचं आपलं एवढंसं राज्य होतं. शेजारचा एक राजपुत्र जीव घेऊन पळताना आपल्या दारात आला, तर आपल्या राजानं त्याला धड बस म्हटलं नाही. पुढे तोच शेजारी राजा झाला. सगळे नमस्काराला गेले, आपला गेला नाही. मग त्यानं राज्यच घेतलं. जमीन गेली, नाव उरलं, तेच आपण लावतो. गावाकडच्या बोलीत त्याचं हॉम झालं. इथे काहीजण टॅम लिहितात, माँट्रियलला हम, मलायात थाम, न्यूयॉर्कात आपल्यासारखंच हॉम. सगळे त्या एका उद्धट राजाची लेकरं. या प्रांतात आतापर्यंत एकोणचाळीस घरं मिळाली: रेजायनात नऊ, मूस जॉत चार, बाकी गावागणिक एक कॅफे नाहीतर एक लाँड्री.

पाच एप्रिलला, पितरांच्या दिवशी, पुस्तक छापायला जातं. त्याआधी काय ते बघा.

आईला विचारलं म्हणून सांग.
तुझा तिसरा आजोबा


बार्लो
ता. १ मार्च १९६५

ती. तिसऱ्या आजोबांना सा. न.

आमच्याकडे कामाला कुणी नाही. ती पोरगी मी.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. कॅफे उघडा होता, बाबा रेजायनाला मांस आणायला गेले होते आणि आई मागे झोपली होती.

बाबांनी लहानपणापासून शिकवलंय की अनोळखी माणूस खरं नाव घेऊन विचारायला आला तर म्हणायचं, आम्ही वाँग. मी पाच वर्षांची असताना मला झोपेतून उठवून विचारायचे आणि मी डोळे मिटून वाँग म्हणायची. पाच वर्षांपूर्वी पोलिसांनी आपल्या लोकांच्या घरांत कागद शोधले तेव्हा तर त्यांनी आजीचं पत्रसुद्धा चुलीत घातलं. म्हणून मी नाही म्हटलं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं की एक म्हातारा तुमचं खरं नाव विचारत होता. त्यांना वाटलं सरकारचा माणूस. ते पांढरे पडले, आणि मग मी काय उत्तर दिलं ते ऐकून माझ्या डोक्यावर हात ठेवला. शाळा सोडली तरी पोर शहाणी निघाली, असं आईला म्हणाले. कोंबडीची तंगडी माझ्या वाटीत घातली. मी ती खाल्ली.

फाय आजोबांना बरं आहे का ते कळवा. बाबांना अजून वाटतं की मोजणीवाले यायचेत. खिडकीजवळची खुर्ची त्यांच्यासाठी पुसून ठेवतात.

लोभ असू द्या, असला तर.
लान-फोंग


व्हँकुव्हर
ता. ७ मार्च १९६५

चि. लान-फोंग हिस अ. आ.

असं आहे होय. मग यात तुझं काय चुकलं? भ्यायला शिकवलेलं लेकरू भ्यालं. आमच्या पिढीनंच तुम्हाला हा धडा दिला, आता तो तुम्ही बरोबर म्हणून दाखवला तर आम्ही कान कसा पकडायचा? मंडळात मी सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, पोरीनं बापाला सांभाळलं. जुन्या खजिनदारांच्या तर डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांच्या ते उगीचही येतं.

येन-फाय उठून बसतात. प्रवास मात्र बंद. हा विषय मनातून काढ. पुढच्या मोजणीत बघू, दहाएक वर्षांनी निघेल. तुझ्या बापाला मी लिहितो.

जपून असा.
ति. आ.


बार्लो
ता. २२ मार्च १९६५

ती. तिसऱ्या आजोबांना,
लान-फोंगचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला जास्तच वाईट वाटलं. तुम्ही मंडळात जे सांगितलं ते खरं नाही. मी भ्याले नव्हते.

त्या दुपारी कोपऱ्यातल्या टेबलावर शर्ली आणि तिचे दोन मित्र बसले होते. शर्ली माझ्या वर्गात होती. तिला मी एकदा सांगितलं होतं की मला चिनी येत नाही, एक शब्दसुद्धा नाही. तिनं विचारलं नव्हतं, मीच सांगितलं होतं. फाय आजोबा आत आले तेव्हा त्यांच्या बुटांत वर्तमानपत्र कोंबलेलं होतं आणि टोपीला सुतळी बांधली होती. दारातूनच आपल्या बोलीत मोठ्यानं म्हणाले की मी हॉम मंडळाकडून आलोय, तू सुई-चुंगची ना गं, नाक तर त्याचंच लावलंयस. मला सगळं कळलं. मंडळ कळलं, मोजणी कळली, बाबा कशाची वाट बघतात ते आठवलं. आणि मागे ते तिघं त्यांच्या बोलण्याची नक्कल करून हसायला लागले.

मी इंग्रजीत म्हटलं की मला तुमची भाषा समजत नाही, असं कुणी इथे राहत नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या टेबलाकडे बघितलं. आवाज एकदम खाली आणला. मोडक्या इंग्रजीत म्हणाले की माफ करा, मिस, म्हाताऱ्याची चूक झाली. मला मिस म्हणाले, आजोबा. नुसतं गरम पाणी प्यायले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. माझ्यामुळे त्यांना आत बसवेना. खिडकीतून ते दिसत होते आणि मी मिठाच्या बाटल्या भरत होते. पाऊण तास. बाटल्या आधीच भरलेल्या होत्या.

तुमच्या पत्रातला त्या राजाचा मजकूर वाचताना माझे कान इतके तापले की आईनं ताप आहे का म्हणून कपाळ बघितलं.

बाबांना मी शुक्रवारी सांगितलं. ते बटाटे सोलत होते. सोलतच राहिले. बादली भरल्यावर म्हणाले की मग त्या दिवशी मी तुला उगीच शाबासकी दिली. बास, एवढंच. रात्री माझ्या पलंगावर कागद ठेवलेला होता, त्यावर गावाचं नाव, आजोबांचं नाव आणि पिढीचं अक्षर. मला ते पाठ आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचंही काही चुकलं नाही, मी कधी म्हणून दाखवलंच नव्हतं.

शनिवारी पहाटेच्या बसनं मी मूस जॉला गेले. वॉर्डात सहा पलंग, पाच गोरे. फाय आजोबांनी मला लगेच ओळखलं आणि पहिलं काय केलं तर उशी सरकवून बसायला जागा केली. मी माफी पाठ करून नेली होती, ती म्हणताच येईना. त्यांनीही मागितली नाही. वही काढली, पेन्सिलीला टोक केलं, आणि तिन्ही प्रश्न इतक्या हळू विचारले की मला वाकून ऐकावं लागलं. मला लाजायला नको म्हणून ते हळू बोलत होते.

मी मोठ्यानं सांगितलं. आपल्या बोलीत. गाव लुंग-हाँग. आजोबा हॉम गुक-चाऊ. अक्षर सुई. नर्सनं वळून बघितलं, पलीकडचा माणूस उठून बसला. फाय आजोबा म्हणाले की अगं हळू, त्याला आत्ता कुठे झोप लागली होती. मला वाटलं होतं की एकदा मोठ्यानं बोलले की लाज जाईल. नाही गेली. सगळे बघत होते आणि मला पहिल्यासारखीच लाज वाटत होती, फक्त या वेळी मी बोलायची थांबले नाही.

त्यांनी बाबांचं नाव लिहिलं. मग शेजारच्या रकान्यात लिहिलं, ‘सांगणारी: सुई-चुंगची मुलगी लान-फोंग.’ मी म्हटलं की मुलींची नावं तर पुस्तकात येत नाहीत. ते म्हणाले की वंशाच्या रकान्यात येत नाहीत, पण सांगणारा जो असेल तो लिहायचा. सहा फेब्रुवारीची ओळ वरच होती. ती खोडा म्हटलं, तर म्हणाले की या वहीत खोडत नाहीत.

म्हणून विनंती करते. पुस्तकात बाबांचं नाव छापा, माझं काढा. आईचं नाव त्यात नाही, मावशीचं नाही, व्हँकुव्हरच्या कुठल्या मुलीचं नाही. नाही म्हणाली तिचंच तेवढं यावं, हे मला सहन होत नाही. लोकांना वाटेल काहीतरी चांगलं केलं म्हणून आलं. तुम्ही सेक्रेटरी आहात, एवढं करा.

आणि मंडळात खरं काय ते सांगा. खजिनदारांना आधी.

आता लोभ मागायला तोंड नाही, म्हणून नुसता नमस्कार.
लान-फोंग


व्हँकुव्हर
ता. २९ मार्च १९६५

चि. लान-फोंग हिस,
अनेक आशीर्वाद, मागच्या पत्रात कमी पडले तेही धरून.

येन-फायची वही परवा पोचली. तुझ्या घरात कामाला कधी कुणी नव्हतं हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि दुसऱ्या खेपेला मी तुला फार लवकर मोकळं केलं. म्हाताऱ्यांना भानगड मिटवायची घाई असते. मंडळात मी काल उभा राहून खरं सांगितलं. माझीही मान खालीच होती. खजिनदारांनी चहा गार होऊ दिला.

तुझ्या बापाचं नाव छापायच्या यादीत चढलं. सस्कॅचवान, घर चाळिसावं. त्याला सांग, आता खुर्ची पुसायचं थांबव. पुढेमागे सरकारकडे जाऊन कागदही खरे करून घ्यायचे झाले तर मी बरोबर येईन. त्याची घाई नाही.

तुझं नाव मात्र काढत नाही. तुला वाटतं हा मान आहे, म्हणून तू नको म्हणतेस. मान नाही गं. आम्ही सांगणाऱ्याचं नाव लिहितो ते उद्या काही खोटं निघालं तर कुणाच्या दारात जाऊन विचारायचं, ते कळावं म्हणून. तेव्हा पुढची मोजणी निघेल, त्या दिवशी बार्लोच्या बसमधून जो कुणी उतरेल तो सुई-चुंगला विचारणार नाही. दारातूनच तुझ्या नावानं हाक मारील, आपल्या बोलीत, आणि आमच्या लोकांची सवय तुला माहीतच आहे, मोठ्यानं.

आईच्या बोटांना आल्याचा शेक दे.

तुझाच,
तिसरा आजोबा