इन्स्ट्रक्टर बाहेर बसतो

५ जानेवारी १९८६, रविवार. सकाळी सात

फुस्स्... हुप्प्. फुस्स्... हुप्प्.

पहाटे पुन्हा तोच आवाज. झोपेत होतो तरी ओळखला. हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावरचे भाते. साल १९४४. लढाईचे दिवस, पायलट कमी, विमानं त्याहून कमी. म्हणून विमान जमिनीवरच शिकवायचे. निळा लाकडी डबा, आखूड पंख, खाली कातड्याचे चार भाते. शिकणारा आत बसला की वरून झाकण बंद. आत काळोख आणि समोर नुसती घड्याळं. भाते भरले, सुटले, की डबा डुलायचा, झुकायचा, गर्रकन फिरायचा. इन्स्ट्रक्टर बाहेर टेबलाशी बसून कानात सांगायचा, आता वादळ आलं. आतला घामाघूम. आणि डबा जागच्या जागी!

त्या डब्यातले माझे उड्डाणाचे तास तीनशे तरी भरतील. कागद राहिला नाही, एवढंच.

नव्या वर्षाचे संकल्प (पाच दिवस उशीर, पण चांगल्या कामाला रविवार बरा):

१. इथं तेर गावातला माझा स्वतःचा तसाच डबा या महिन्यात पूर्ण करणे.
२. मार्चमध्ये साखर कारखान्याचं प्रदर्शन आहे. शिक्षण विभागात एकाच विमानयंत्राला जागा. ती मिळवणे.
३. विरुपाक्षाचा विचार न करणे.

६ जानेवारी

दिवसभर विरुपाक्षाचा विचार.

एकदाच लिहून टाकतो म्हणजे डोकं मोकळं होईल. बेगमपेटला आम्ही एका खोलीत राहिलो. पुढं मी इथं शाळामास्तर, तो धाराशिवला टॉकीजमध्ये ऑपरेटर. एका रविवारी त्यानं एसटीनं इकडं यायचं, एका रविवारी मी तिकडं. बोलणं एकच, डबा. रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून बांधायचा ठरला. ७९ साली झाकणावर अडलं. तो म्हणाला, चालवणाऱ्याला बाहेर दिसलं पाहिजे. मी म्हणालो, दिसता कामा नये. ढगात गेल्यावर काय दिसतं? तो म्हणाला, शांतलिंग, तू जन्मभर ढगातच आहेस. त्या दिवसापासून बोलणं बंद.

आता त्याचं वेगळं यंत्र आहे. जीपची सीट, खाली स्प्रिंगा, समोर पडदा. जुन्या प्रोजेक्टरवर विमानातून घेतलेली फिल्म. हँडल फिरवायला घरचं माणूस, पार्वतम्मा वहिनी. लोक म्हणतात, सीटवर बसलं की शेतं पायाखालून पळतात. पळू देत. त्याला शिक्षण म्हणत नाहीत, करमणूक म्हणतात.

संपलं. आता त्याचा विचार नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

दांडा बसला! मारुतीपुढचा हापसा दोन वर्षं कोरडा पडलाय. त्याचा दांडा सरपंचांना विचारून आणला. विमानाला शोभतो. पुढं ढकलला की खाली, मागं ओढला की वर. उंचीचं घड्याळ म्हणजे शाळेतलं मोडकं, एकच काटा असलेलं. बोलायला रबरी नळी, दोन्ही टोकांना नरसाळी.

भाते पायानं दाबायचे. पायटा डब्यापासून तीन हातांवर आहे. म्हणजे आतल्या माणसाला एकट्यानं यंत्र चालवता येत नाही. ही उणीव नव्हे, पद्धत आहे. विमानविद्या एकट्यानं शिकायची नसतेच.

माझी बायको शिवकांता असती तर पायट्यावर बसली असती. कातडं शिवताना दुसरं टोक धरून बसायची. डब्याला लाकडी म्हैस म्हणायची. तिला जाऊनही आता पाच वर्षं होतील.

तिळगूळ घेऊन कुणी आलं नाही. मीच शेजारी बनाबाईकडं देऊन आलो.

२० जानेवारी

हजेरीपट आखला. सोमवार-बुधवार नवशिके, मंगळवार-गुरुवार पुढचे, शनिवारी फक्त वादळ. रविवार सुटी.

पट: शून्य. हजेरी: निरंक. पहिला दिवस असाच असतो.

२३ जानेवारी

निरंक.

बनाबाई कुंपणावरून म्हणाली, मास्तर, तुमचा डबा कालच्याला घोरला आन् माझी म्हैस निम्म्यावर आली. मी म्हणालो, हे शास्त्र आहे. ती म्हणाली, व्हय, पन धार शास्त्रानं निघत न्हाय.

२६ जानेवारी. दुपार

झेंडावंदनाला गेलो. हेडमास्तरांना सांगून मोफत उड्डाणाची घोषणा करवली. टाळ्या पडल्या. घरी येऊन अंगण झाडलं, दोन खुर्च्या बाहेर मांडल्या. अकरापर्यंत वाट पाहिली. मग कळलं, टँकर आल्याची वर्दी होती, सगळा गाव घागरी घेऊन वेशीवर.

वेळ वाया घालवला नाही. नळी तपासली. शाळेत पोरांकडून घोकून घेतलेल्या सगळ्या कविता एकामागून एक नळीतून म्हटल्या, आतल्या रिकाम्या जागेला. आवाज स्वच्छ जातो. मग माझी स्वतःची एक सुचली:

पंखाखाली दिसे तेरणा, पाटीवरची पुसट रेघ;
मास्तर, आता पुसू नका हो, तीत उतरतो एक मेघ.

नळीला कान लावून थोडं थांबलो. उत्तर येणार नव्हतंच. सवय.

२ फेब्रुवारी. धाराशिव

हेरगिरीसाठी गेलो होतो. विरुपाक्षाच्या गल्लीत नव्हे, स्टँडसमोर. सिदू म्हणून रेडिओ दुरुस्त करणारा आहे, त्यानं मुंबईहून टीव्हीवरचं विमान आणलंय. मंगळवारपासून गावात दुसरा विषय नाही. काळ्या काचेवर एक पांढरं विमान, समोरून टेकड्या येतात, हातात दोन बटणांची डबी. ना भाते, ना पडदा, ना हँडल. विमान बोटानं चालतं. बोटानं! बाहेर माणूस लागत नाही, आत माणूस बसत नाही. मग शिकतं कोण?

रांग पार रसवंतीपर्यंत. उभा राहिलो. पाऊण तासानं पाळी आली. सगळ्यांत आधी टेकडीवर आपटलं ते माझं. मुद्दाम आपटवलं. यंत्र पारखायचं तर आधी त्याची कमजोरी पाहावी लागते. सिदू म्हणाला, काका, डोंगर दिसला की बटन दाबायचं अस्तंय. मागचे हसले. मी त्याला सांगितलं, मी बेगमपेटचा आहे. तो म्हणाला, मग हैदराबादच्या गाडीसाठी हितं कशाला उभं ऱ्हायलाव?

निष्कर्ष: दोन महिन्यांत लोक कंटाळतील.

९ फेब्रुवारी

कारखान्याचे संचालक नानासाहेब प्रदर्शन समितीचे प्रमुख आहेत. त्यांचा निरोप आला. तेवीस तारखेला स्वतः येऊन डबा पाहणार. त्याच दिवशी विरुपाक्षाचं यंत्रही.

पायट्यावर माणूस हवा. हेडमास्तरांचा गुडघा दुखतो. पोस्टमन म्हणाला, मास्तर, रविवारी सायकलसुद्धा हाणत न्हाय मी. बनाबाईला विचारलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, आणि म्हशीला विचारून सांगते म्हणाली.

१७ फेब्रुवारी

बनाबाई कबूल. अट: सगळ्या उन्हाळ्यात डबा दुपारी घोरणार नाही. मान्य केलं. तिची रंगीत तालीम घेतली. पाय चांगला बसतो. म्हणाली, तुमी बसा की आत, बघू तरी. मी तिला समजावलं, इन्स्ट्रक्टर बाहेर बसतो. नियम आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी एक

उड्डाण झालं!

क्रमानं लिहितो. साडेदहाला जीप. नानासाहेब अंगानं भारदस्त, तरी आत मावले. झाकण लावलं. बनाबाई पायट्यावर, मी नळीपाशी. सांगितलं, साहेब, उंची दोन हजार, डावीकडं तुळजापूरचा घाट. फुस्स्... हुप्प्. डबा उचलला. माणसासकट पहिल्यांदाच. उजवीकडं झुकला. आतून नानासाहेब म्हणाले, आरं, आरं, आरं! आवाजात आनंद होता.

नेमका कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न. बनाबाईनं पायट्यावरचा पाय काढला, दोन घागरी उचलल्या आणि गेली. नऊ दिवसांनी टँकर आला होता, तिचंही खरं आहे. डबा डावीकडं बसला तो बसलाच. मी नळीतून ओरडतोय, साहेब, डावा पंख वर घ्या, डावा पंख वर घ्या. नळीतून उलट जे आलं ते मास्तरच्या वहीत लिहिण्यासारखं नाही. झाकणाची कडी अडकली. ड्रायव्हरनं पान्यानं उघडली.

एकंदरीत प्रात्यक्षिक यशस्वी. हवेत इंजिन बंद पडल्यावर काय होतं ते साहेबांनी स्वतः अनुभवलं. जाताना काही बोलले नाहीत. भारावले असावेत. एक चप्पल इथंच राहिलीय.

४ मार्च

कारखान्याचं पत्र. "आपल्या यंत्राचा यंदा समावेश करता येत नाही. सदर जागी दूरदर्शन संचावरील विमानाची निवड झाली आहे."

दोनदा वाचलं. शब्द "यंदा" आहे. कधीच करता येत नाही, असं लिहिलेलं नाही. भाषा शिकवण्यात हयात गेली, मला कळतं. पुढच्या वर्षीची तयारी आजपासून.

आजपासून नको. डोकं दुखतंय.

७ मार्च

पोस्टमननं सांगितलं, विरुपाक्षालाही तसंच पत्र गेलंय. शब्दाला शब्द. आनंदानं शिरा केला. चवीला उत्तम. दोन माणसांचा झाला, तो संध्याकाळीही खाल्ला.

१६ मार्च, रविवार. कारखाना

तटस्थपणे प्रदर्शन पाहायला गेलो. बियाणी, ठिबकचे पाइप, शेणाच्या गॅसची टाकी. सिदूच्या मांडवात पाय ठेवायला जागा नाही. नानासाहेब स्वतः बटणं दाबत होते. त्यांची चप्पल पिशवीत नेली होती, द्यायचा धीर झाला नाही.

मग रांगेत विरुपाक्ष दिसला. काखेत छत्री. केस पार पिकलेत. कान लाल झाले होते, तसे ते त्याचे बेगमपेटलाही व्हायचे. त्याची पाळी आली. त्याचंही विमान टेकडीवर आपटलं. माझ्याहून थोडं उशिरा. लोक हसले. त्यानं डबी परत दिली आणि एकदा बाजूला वळून पाहिलं, कुणाला तरी काहीतरी सांगायचं असल्यासारखं. बाजूला कुणीच नव्हतं.

मी मांडवाच्या खांबामागं होतो. दहा पावलं. हात वर करणार होतो. हातात पिशवी होती.

१९ मार्च

निरंक. पट फाडून टाकला. कागद तरी किती दिवस खराब करायचा?

२३ मार्च, रविवार. दुपारी दोन

ठरलं. उद्या डबा मोडायचा. फळ्यांची बनाबाईच्या म्हशीला गव्हाण होईल. तिनं हो म्हटलंय; म्हणाली, मास्तर, इमानात चारा खानारी पैलीच म्हस. दांडा सरपंचांना परत. पाऊस झाला तर हापशाला लागेल. कातडं राहू दे.

मला त्याचं काही वाटत नाही. उलट ओसरी मोकळी होईल. ओसरीत करायचं काय, ते नंतर ठरवू.

साडेतीन

कडी वाजली. बनाबाई माप घ्यायला आली असेल म्हणून टेप घेऊनच दार उघडलं.

पार्वतम्मा वहिनी. एकट्या. सात वर्षांनी. उन्हानं तोंड लाल, स्टँडपासून चालत आलेल्या. मी आधी रस्त्याकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, त्येंना नका हुडकू, आले न्हाईत. लाज वाटती त्येंना.

पाणी दिलं. उभ्यानंच बोलल्या. भावजी, ह्यांनी सोमवारी मशीन भंगारात दिलं. तवापासनं गप. काल जेवता जेवता एकदम म्हणाले, शांतलिंगची पाळी राहिली. म्हटलं, कसली पाळी? तर म्हणे बेगमपेटला साहेब जेवायला गेले की चोरून डब्यात बसायचं दोघांचं ठरलं होतं. आधी हे बसले, तुम्ही बाहेर राखण. तुम्ही बसणार तेवढ्यात साहेब आला. सगळं तुमच्यावर आलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला गोदामात टाकलं, डब्याच्या खोलीत पुन्हा पाय ठेवू दिला न्हाय. बेचाळीस वर्षं हे मला एका शब्दानं बोलले न्हाईत, बघा.

मीही बोललो नव्हतो. या वहीलाही नाही. त्याआधी माझं काम डब्याखाली होतं, फाटलेल्या भात्यांना ठिगळं लावायचं. ते तीनशे तास तिथले लिहिलेत.

वहिनी म्हणाल्या, म्हणून आले. सा वर्षं हँडल फिरवलंय, अंगात जोर हाय. बसा आत, भाता मी दाबते. मी सांगितलं, वहिनी, इन्स्ट्रक्टर बाहेर बसतो. त्या म्हणाल्या, व्हय की. मी बसते की बाहेर.

चष्मा पुसतो म्हणून आत आलोय आणि हे लिहितोय. अंगणात त्या पाय धुतायत. त्यांची बस पाचची आहे, फार वेळ नाही. डबा जमिनीपासून दीड हात उंच, खाली पोतं अंथरलेलं. आत शिरताना आधी कुठला पाय टाकायचा, मला माहीत नाही.