अक्षर कुणाचं

सर, तो अकरावा प्रश्न तुम्ही फळ्यावर लिहिलात तेव्हा वर्गात जे हसू फुटलं ते मला अजून ऐकू येतं. 'दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी एकमेकांशी लग्न करायचं म्हटलं, तर कायद्यानं ते मानावं का? कारण लिहा.' आपल्या शिरूरच्या कॉलेजात, तेही नव्वदनंतरच्या त्या वर्षांत, असला प्रश्न कुणी तोंडातून काढला नव्हता. हुंडा, जातीबाहेरचं लग्न, विधवेचं लग्न हे आधीचे दहा प्रश्न पोरांनी मुकाट उतरवून घेतले आणि अकराव्याला मागचा बाक हसून आडवा झाला. "सर, नवरी कोण व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं का?" असं जो बोलला त्याला तुम्ही उभं केलंत. "तुला हसू आलं, हेही उत्तरच आहे. पण खाली कारण लिही," एवढंच म्हणालात. तुम्ही रागावलात हे निम्म्या वर्गाला कळलंच नाही. आमच्या राहू गावात बाप हाक मारतो ती दोन रानं ओलांडून जाते. हळू आवाजातला राग आम्हाला ओळखू यायचा नाही.

पाहणीच्या कोऱ्या फॉर्मवर उत्तरं लिहायची, पण नाव घालायचं नाही, असं तुम्ही तीनदा बजावलंत. नाव नसलं की पोरं खरं लिहितील, हा तुमचा हिशेब. सर, तुम्ही पुण्याहून आलेले. आमच्याकडं माणूस ओळखायला नाव लागत नाही. मी तेव्हा सकाळी तुमच्या वर्गात आणि दुपारी कॉलेजसमोरच्या टायपिंगच्या दुकानात असायचो. बसचे पास, फ्रीशिप, नोकरीचे अर्ज, सगळ्यांचे कच्चे कागद माझ्या हाताखालून जायचे, त्यामुळं निम्म्या कॉलेजचं अक्षर मला पाठ. पोरं त्यावर चहाची पैज लावायची. एखादी वही मधेच उघडायची, नावावर हात झाकायचा आणि म्हणायचं, "सांग, कुणाचं?" मी बरोबर सांगितलं की चहा त्यांचा. मी हरल्याचं मला आठवत नाही. हा खेळ तुमच्या कानावर कधी आला नसणार, नाहीतर फॉर्मचा तो गठ्ठा मोजून टाइप करायला तुम्ही माझ्याकडं दिला नसतात.

त्या संध्याकाळी मी सगळा गठ्ठा वाचला. हसणारी पोरं कागदावर हसली नव्हती. 'झाडाला उलटं टांगून मिरचीची धुरी द्यावी.' 'घोडनदीत दगड बांधून सोडावं.' 'चौकात नागवं करून हाणलं पायजे, मंग समदं लगीन निघंल.' एकानं तर बापाला उद्देशून लिहिलं होतं की आपल्या घरात असं निघालं तर पहिला कोयता मी घालीन. ही पोरं मला रोज दुकानात भेटायची, दारातून आत येताना चप्पल काढायची. एका मुलीनं लिहिलं होतं, 'मला माहीत नाही. पण माझं लग्न मला न विचारता ठरवलंय, ते कायदा मानणारच ना?' आणि एक फॉर्म असा होता: 'हो. अशी माणसं राहतातच, चोरून. कायद्यानं मानलं तर खोलीचं दार दिवसा उघडं ठेवता येईल. बाकी काही नको.' पेन इतकं दाबून लिहिलेलं, की मागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत होती. दौंडचा पोरगा. बाप रेल्वेत, शिरूरला खोली घेऊन राहायचा, आपल्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा. त्याचे तीन अर्ज मी टाइप केले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागचा बाक दुकानात आला. पुढं तोच, चिठ्ठ्यांचा विनोद करणारा. "काय टायपिस्ट शेठ, झालं का सरांचं मोजून?" असं म्हणत त्यानं गठ्ठा ओढला. "चल, चहा लाव." मी नको म्हटलं नाही. एकेक कागद समोर येतोय, मी सांगतोय, नावापाठोपाठ त्याची नक्कल करतोय, आणि पोरं टेबलावर थापा मारतायत. मग तो दाबून लिहिलेला कागद आला. त्यानं तो आधी वाचला, हसणं थांबवलं आणि माझ्यापुढं धरला.

"आन् ह्यो?"

"दौंडचा," मी म्हणालो.

"नक्की? इचार करून सांग."

"चहा सांग," मी म्हणालो.

चहा कुणी सांगितला नाही, सगळे उठून बाहेर पडले. रस्ता ओलांडला की कॉलेजचं सायकल स्टँड, तिथं दौंडचा सायकल काढत होता. मी उठून पाहिलं नाही, पण नकला करणाऱ्याचे माझे कान, सगळं ऐकू आलं. सायकलची चेन पाठीवर पडते तेव्हा आधी बारीक सळसळ येते आणि मग ओलं फडकं दगडावर आपटल्यासारखा आवाज. क्रिकेटच्या स्टंपचा आवाज कोरडा. शिव्या ऐकल्या. मग त्याला विचारलेलं ऐकलं, "कंच्या हातानं लिव्हलंस? ह्याच का?" उभ्या सायकलच्या चाकात त्याचा उजवा हात घालून त्यांनी पायडल मारलं, हे नंतर कळलं. तो ओरडला नाही, सर. तारांतून काडी मोडावी तसा आवाज आला, दोनदा, आणि नंतर तो ओरडला. मी मशीनवर एक अर्ज घेतला होता. 'वरील विषयास अनुसरून' ही एकच ओळ मी खालोखाल चार वेळा टाइप केलेली नंतर दिसली.

तुम्ही धावत आलात ते चपलांच्या आवाजावरून कळलं. पुढचं मी दारात उभा राहून पाहिलं. स्टंप तुमच्या कपाळावर बसला, चष्मा पायाखाली गेला, आणि तुम्ही मारायला हात न उचलता खाली पडलेल्या त्या पोराच्या अंगावर सरळ आडवे झालात. तरी लाथा थांबल्या नाहीत. तुमच्या पांढऱ्या शर्टावर बुटांचे ठसे होते, ते मी मोजू शकलो असतो. शिपाई आणि दोन मास्तर आले तेव्हा कुठं पोरं पांगली.

दवाखान्यात त्या म्होरक्याचा बाप आला. मोठं बागायती घर, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. "मास्तर, पोरं हायती, व्हतंय," ते म्हणाले. "काडी तुमीच लावली, आन् आता इझवाय आलाय व्हय?" तुमच्या कपाळाला टाके चालले होते. दौंडचा पोरगा पलीकडच्या खाटेवर होता, पोलिसानं विचारलं तेव्हा भिंतीकडं बघत म्हणाला, "सायकलवरून पडलो." आणि मग तुम्ही मला जवळ बोलावून विचारलंत, फॉर्म तुझ्याकडं होते, कुणी पाहिले? मी म्हणालो, "म्या जेवाय गेलो व्हतो सर, दुकान उघडंच व्हतं." तुम्ही मान हलवलीत. "चूक माझी. गठ्ठा मी माझ्याजवळ ठेवायला हवा होता."

ते तुम्ही शेवटपर्यंत धरून बसलात. पुन्हा कधी वर्गाला प्रश्नावली दिली नाहीत. पुढं मी टायपिंग सोडून गाड्यांच्या धंद्यात पडलो, माझी पहिली बस आली तेव्हा हार घालायला आलात, चाकाकडं पाहिलंत आणि म्हणालात, "त्या पोराची बोटं माझ्या नावावर आहेत रे." तुमच्या नावावर नव्हती, सर. पैजेच्या भरात माझ्या तोंडून निसटलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं; तेही खोटं. कागद कुणाचा आहे, त्यावर काय आहे, हे मला आदल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. 'ओळखू येईना' एवढं म्हणायचं होतं. पण मागच्या बाकावरची ती पोरं त्याआधी माझ्याकडं कामापुरती यायची, फार तर एखादी पैज लावून निघून जायची, आणि त्या दुपारी माझ्या टेबलाभोवती बसून माझ्या नकलांना हसत होती. ते थांबू नये असं वाटलं.

आता माझ्या बसगाड्या रांजणगावच्या कंपन्यांना लागल्या आहेत. दौंडचा तिथंच एका कंपनीत क्वालिटीला आहे. शिक्रापूरला एका मित्रासोबत खोलीत राहतो. मालकाला आतेभाऊ म्हणून सांगितलंय. परवा गाडीत कॉलेजची ट्रेनी पोरं पेपरातल्या कसल्याशा बातमीवरून हेच बोलत होती. "असल्यांना हाणलं पायजे," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "करू दे की लगीन, तुझ्या घरचं काय जातंय?" आणि दोघांची जुंपली. एवढं एक वाक्य नवीन आहे, ते तुम्हाला कळवावंसं वाटलं. दौंडचा खिडकीबाहेर बघत होता. पुढच्या सीटच्या दांडीवर त्याची दोन बोटं वळत नाहीत, तशीच सरळ उभी राहतात.

तुम्हाला हे लिहायला मला भीती वाटली नाही, कारण तुम्ही आता या जगात नाही, हे वाचणार नाही. त्याचं नाव, खोलीचा पत्ता, पाळी, सगळं माझ्याकडच्या यादीत आहे. सकाळच्या पाळीची गाडी मीच चालवतो, आणि तो माझ्या मागच्याच सीटवर असतो. इतक्या वर्षांत मी त्याला एवढंच म्हणू शकलोय, "बसा, गाडी सुटतीय."