चिलेशेने नेलेली टोपी

चांबेशी नदीकाठ, झांबिया
१२ मे १९८७

ती. लुसुंगुताईस,
धाकट्या येसायाचा सा. न. वि. वि.

पोचलो. तेम्वा बरी आहे. दवाखान्यात दिवसभर लोकांना सुया टोचते आणि घरी येऊन मला. लेकीकडे परमुलखात राहायला आलो खरा, पण जीव थाऱ्यावर नाही. नदीत मगरी आहेत. त्या पाण्यातच राहतात असं तेम्वा म्हणते, पण हे मगरींना कुणी सांगितलंय का? अंगणातल्या आंब्यावर एक पक्षी सकाळपासून माझ्याच नावाने ओरडतो. लक्षण बरं नाही.

मगरींपेक्षा वाईट म्हणजे शेजारचा चिलेशे. माझ्यासारखाच म्हातारा, जातीचा बेंबा. पहिल्याच दिवशी न विचारता माझ्या स्टुलावर बसला, माझ्या ताटातली मक्याच्या पिठाची न्सिमा खाल्ली. मी न्गोनी आहे हे कळल्यावर तर माझी टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. म्हणाला, आमच्या बापजाद्यांनी तुम्हाला पिटाळलं, तेव्हा तू माझा गुलाम. गुलामाला टोपी कशाला? वर गावभर सांगत सुटला की तेम्वाकडे उंदीरखाऊ आलाय, मांजरांना आता सुट्टी. सगळे हसले. तेम्वासुद्धा!

अशा लोकांत मेलो तर मला रडणार कोण? माझ्या झोपडीवर नवं गवत घालून ठेव. थंडी सरली की परत येतो.

मायेत खंड पडू देऊ नकोस.
येसाया

मझिंबा, मलावी
२ जून १९८७

चि. येसायास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेळ्यांना वाचून दाखवलं, कारण तुझ्या झोपडीत सध्या त्याच राहतात. गवत कापून ठेवलंय. घालू की नको ते नक्की कळव, नाहीतर चुलीत घालीन. इथे होतास तेव्हा वाळवी घर खाईल म्हणून झोपत नव्हतास, आता मगरी. आई म्हणायची, याला पाठीशी बांधलं तरी मागून कोण येतंय म्हणून रडतो.

कापणीनंतर शेतात उंदीर छान लठ्ठ सापडले. उकडून, मीठ लावून, वाळवून बसवाल्याबरोबर पाठवतेय. त्या चिलेशेला एकही देऊ नकोस, नुसता वास दे. आणि सांग त्याला, माकडं खाणाऱ्या बेंबाने उंदरांना नावं ठेवू नयेत.

रागावलास तरी उत्तर धाड.
तुझी ताई

चांबेशी नदीकाठ
२० जुलै १९८७

ती. ताईस सा. न.

गवत घालू नकोस. कारण सांगतो.

तापाने पडलो होतो. वाटलं, संपलं. बायका चटईवर येऊन बसल्या होत्या. तेवढ्यात चिलेशे माझी टोपी घालून, काठी टेकत आला आणि माझ्या शेजारी आडवा पडून कण्हायला लागला. अगदी माझ्या आवाजात! तेम्वा, दार लावलंस का? तेम्वा, मगर उंबऱ्यापर्यंत आली का बघ. तेम्वा, मी मेलो का गं, जरा नीट बघून सांग. बायका हसून लोळल्या. माझं डोकं असं फिरलं की उठलो, काठी हिसकावली आणि त्याला अंगणभर पळवला. शेवटी दोघेही आंब्याखाली धापा टाकत बसलो. मला घाम फुटला आणि ताप उतरला.

मग तेम्वाने सांगितलं. इथे बेंबा आणि न्गोनी एकमेकांचे थट्टेचे भाऊबंद. पूर्वी लढले, म्हणून आता नुसती चेष्टा करायची, राग धरायचा नाही. न्गोनी मेला की बेंबा त्याची नक्कल करून लोकांना हसवतो, आणि खड्डाही तोच खणतो. आधी का नाही बोललीस म्हटलं, तर म्हणे, बाबा, तुम्हाला घाबरण्यातून वेळ कुठे होता?

चिलेशे धुसफुसला. तो म्हणे तालीम करत होता. या गावात न्गोनी असा नव्हताच. आपल्या मातीला आपली नक्कल करणार कोण, या काळजीने तो कधीचा मरायचा थांबलाय. ताई, माझ्यापेक्षा घाबरट माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

तेव्हा मला इथे राहणं भाग आहे. रोज त्याची लंगडी चाल घटवतो. डावा पाय अजून जमत नाही. टोपी परत मागितली नाही; मी आधी गेलो तर त्याला लागेल.

आणि हो, तुझे उंदीर कमी भरले. काल तो कणगीमागे लपून शेपटीसकट खात होता. मी पाहिलं. ते त्याच्या मातीला सांगायला राखून ठेवलंय.

लोभ वाढवावास, उंदीरही.
येसाया