सीडर नदी ओलांडताना मी कुठे होतो

एल्क क्रीक, आयोवा
जुलैचा शेवटचा रविवार, १८८६

वडीलभाऊ अल्वादादा यांच्या सेवेशी, धाकट्या ऑरिनचा लवून नमस्कार. (लवून म्हणतो ते नुसतं रिवाज म्हणून नाही. सध्या मला सरळ होताच येत नाही. का, ते पुढे येईलच.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? व्हरमाँटात यंदा मेपलचा पाक बरा उतरला ना? इकडे मका छातीला लागलाय, डुकरं धष्टपुष्ट आहेत, देवाच्या दयेने सगळं क्षेम आहे. माझा संसार तेवढा धुळीला मिळाला.

झालं असं, की शिकागोहून पेटीबोन नावाचे एक गृहस्थ आलेत. कल्लेवाले, पोट सुटलेले, आणि दिलेलं सगळं खाणारे. आमच्या काउंटीत जी जोडपी सर्वांत आधी येऊन राहिली त्यांच्या घराण्यांचा इतिहास ते छापणार आहेत, कातडी बांधणीत, तसबिरींसकट. आता एल्क क्रीकवर पहिली चूल आमची पेटली हे सगळ्यांना ठाऊक आहे. (शेजारची थँकफुल हॉजकिस सोडून. तिच्या मते त्यांची चूल आधीची. तिच्या नवऱ्याला ओल्या लाकडातून नुसता धूर काढता यायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.) म्हणून मी माझी हकिकत नीट जुळवून ठेवली होती. धार काढताना गायीला सांगूनही पाहिली. तिने शांतपणे ऐकली. व्हरमाँट कसं सोडलं, बक आणि ब्राइट ही बैलजोडी मी कशी हाकत आणली, चाक मोडलं तेव्हा मी काय म्हणालो (यातले काही शब्द गाळणार होतो), सगळं.

पेटीबोनसाहेब स्वयंपाकघरात बसले, पेन्सिल जिभेला लावली, आणि नेमकी तेव्हाच डुकरं मक्यात शिरली. मी धावलो. डुकरं हाकून, कुंपण बांधून, घामाघूम होऊन परत येतो तो आमच्या घराण्याचा इतिहास संपलेला! आमच्या सौभाग्यवतीने, लोविनाने, तो सांगून टाकला होता. वर ती त्यांना सफरचंद भरून भाजलेल्या 'पाय'चा दुसरा तुकडा वाढत होती. मी म्हटलं, वाचा बघू. त्यांनी वाचलं.

दादा, तुम्हाला गिडियन स्प्रॅग माहीत असण्याचं कारण नाही. इलिनॉयमध्ये आमच्या गाडीबरोबर चालू लागलेला एक उंच, सडाफटिंग, फिडल वाजवणारा माणूस. पहिला हिवाळा आमच्यात राहिला आणि वसंतात ऑरेगनला निघून गेला. त्याला मी साफ विसरलो होतो. (विसरलो नव्हतो. पण चाळीस वर्षांत नाव काढलं नव्हतं.) आणि आता ऐकतो तर काय, सीडर नदीला पूर होता, बैल पाण्यात पाय घालेनात, तेव्हा लोविनाला खांद्यावर घेऊन पलीकडे कोणी नेलं? गिडियनने. झोपडीला दार कोणी बसवलं? गिडियनने. लांडगे अंगणात आले तेव्हा बंदूक कोणी झाडली? ऐन बर्फात हरीण कोणी मारून आणलं? गिडियनचे डोळे, म्हणे, "निळसर करडे" होते. आयोवाच्या इतिहासात डोळ्यांचं काय काम?

"आणि मी?" मी विचारलं.

पेटीबोननी पानं मागेपुढे केली. "आहात की. हे बघा. 'माझ्या नवऱ्याला त्या वेळी हिवताप होता.'"

बस्स! एवढाच मी. हिवताप होता हे खरं आहे, तो तेव्हा ज्याला त्याला होता. पण नातवंडांच्या नातवंडांनी पुस्तक उघडावं, तर गिडियन लांडगे मारतोय आणि त्यांचा खापरपणजोबा गोधडीत कुडकुडतोय! वर पेटीबोन म्हणतात, या स्प्रॅगसाहेबांची तसबीर मिळाली तर पानभर छापू. मी त्या रात्रीपासून बिछाना गोठ्यात हलवला. लोविनाने अडवलं नाही, उलट जास्तीची गोधडी दिली. "हिवताप येईल," म्हणाली. सांगा, ही काय बोलायची रीत झाली?

गोठ्यात विचाराला निवांतपणा असतो. मी ठरवलं, की इतिहास बदलायचा तर पेटीबोन गावात आहेत तोवरच. आमच्या ओढ्यावरची फळी पावसाने वाहून गेली होती, आणि लोविनाला पलीकडे मुलीकडे जायचं होतं. पेटीबोननाही मी चालायला म्हणून काठावर नेलं. मग लोविनाला म्हटलं, चल, बस खांद्यावर. ती म्हणाली, वेड लागलंय का, वळसा घालून पुलावरून जाते. मी म्हटलं, गिडियनच्या खांद्यावर बसलीस तेव्हा पूल शोधला होतास? तशी ती घागरा सावरून खांद्यावर बसली.

आता दादा, एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. सीडर नदीच्या वेळी लोविना चिमणीएवढी होती. त्यानंतर मी तिला अन्नाला काही कमी पडू दिलेलं नाही. (हेही इतिहासात यायला हवं.) पहिली काही पावलं मी ऐटीत टाकली. ओढ्याच्या मधोमध कमरेत वाळकी फळी मोडावी तसा आवाज झाला, आणि मी थांबलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना, वाकून तिला उतरवताही येईना. नुसता मैलाच्या दगडासारखा उभा.

"काय हो," वरून लोविनाने विचारलं, "इथेच वस्ती करायची का?"

शेवटी ती आपणच घसरत उतरली, घागरा फुगवून गुडघाभर पाण्यात उभी राहिली, आणि तिने माझ्या बगलेत हात घालून मला ओढत काठाला लावलं. पेटीबोन लिहीत होते. आणि थँकफुल हॉजकिस, जिला कोणीही बोलावलं नव्हतं, ती लोण्याची टोपली डोक्यावर धरून ओरडली, "ऑरिन, अजून उतरला नाही का रे तुझा हिवताप?" आता हे चर्चमध्ये, गिरणीवर, सगळीकडे चालू आहे.

घरी लोविनाने मला पालथं घालून कमरेला हंसाची चरबी चोळली. तोंड उशीत होतं म्हणून धीर झाला. मी विचारलं, चाळीस वर्षं माझ्याबरोबर काढलीस, आणि सांगायला तुला तोच सापडला?

तिने आणखी थोडी चरबी घेतली. मग म्हणाली, "तो आला आणि गेला, म्हणून त्याची गोष्ट झाली. तुमची कशी सांगू? तुम्ही अजून संपलायत कुठे?"

दादा, मी तोंड उशीतच ठेवलं. उशी जरा ओली झाली. ती चरबीने झाली असेल. बिछाना घरात परत आला आहे. आमचं आता सगळं ठीक आहे. गिडियनचा विषय माझ्या मनातून साफ गेला. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला धाकटा भाऊ,
ऑरिन पीझली

ता.क. पेटीबोननी तसबिरीसाठी ऑरेगनला लिहिलं होतं. गिडियन जिवंत आहे. विधुर आहे. जुन्या वसाहतकऱ्यांच्या सप्टेंबरातल्या मेळाव्याला तो आगगाडीने येतोय.

पुन्हा ता.क. दादा, सत्तरी उलटली तरी तुमची दाढी काळीभोर कशी, हे मी भाऊ म्हणून कधी विचारलं नाही. आता विचारतो. त्या औषधाची एक बाटली पहिल्या टपालाने पाठवा, आणि वर नाव घालू नका. लोविनाला कळता कामा नये.

भाऊजींना लोविनाचा नमस्कार. यांना उठता येत नाही, म्हणून पत्र टपालात टाकायला मीच नेते आहे. बाटल्या दोन पाठवाव्यात. केस मलाही आहेत.