पावणेदोन तासांवरची अक्का

प्रिय अक्का,

पाया पडतो. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुझी खरी खुशाली मात्र तुझ्या पत्रांतून कळत नाही. ‘मी मजेत’ असं लिहितेस (झाडावरून पडलीस तेव्हाही हेच म्हणाली होतीस) आणि शेवटी ठरलेलं, येऊ नकोस, उगाच दगदग होईल.

ही दगदग म्हणजे किती, ते एकदा बघावं म्हटलं. मोबाइल सांगतो, विमानतळ ते विमानतळ नऊशे किलोमीटर, पावणेदोन तास. एवढ्यात माझी एक पँटसुद्धा शिवून होत नाही! पण तू काही विमानतळावर राहत नाहीस आणि मीही धावपट्टीला खेटून दुकान थाटलेलं नाही. शिवणकामात ट्रायलशिवाय कपडा पुरा करत नाहीत, म्हणून तिकीट काढण्याआधी घर ते विमानतळ अशी ट्रायल घेतली. बॅगेसकट, आणि तुझ्या भावजयीसकट (तिला वगळून काही करून दाखव).

पहिली बस चुकली, दुसरी चुकीची निघाली. विमानतळाच्या दारावर रखवालदाराने तिकीट मागितलं. आज फक्त ट्रायल आहे, असं मी शांतपणे समजावलं, तर त्याने साहेबाला बोलावलं. साहेबाने बॅग उघडली आणि वरच माझी मोठी कात्री! ती तुझ्या गाऊनांसाठी होती गं, गुडघ्याच्या पट्ट्यावर घट्ट होत असतील म्हणून. साहेबाला काही ते पटलं नाही. भावजय तेवढ्यात बाकावर डबा उघडून बसली होती.

खरी पंचाईत पुढेच. बाईसाहेबांनी आधीच अख्ख्या इमारतीत सांगून ठेवलं होतं, की आम्ही चार दिवस अक्काकडे चाललो. आता कोणत्या तोंडाने परतायचं? चोरासारखे घरात शिरलो आणि चार दिवस कोंडून घेतलं. मशीन बंद, बोलणं कुजबुजत. मग आम्ही तुझ्याकडेच आहोत असं धरून चाललो. आता अक्का चहा टाकेल, आता मला ओरडेल. फार बरं वाटलं. आणि फार वाईटही वाटलं.

पाचव्या दिवशी बॅग घेऊन जिन्यात आलो, तर समोरच्या मास्तरांनी विचारलं, अक्का चालायला लागली का? अक्का, मी इतक्या थापा मारतो, पण ही एक काही मारवेना.

तुझा,
धाकटा

ता. क. कात्री घरी ठेवली आहे. तुझ्याकडची काढून ठेव.

ता. क. दुसरा : मंगळवारचं तिकीट काढलंय. पत्र टपालाने येईल, मी त्याच्या आधी पोचेन. तेव्हा येऊ नकोस म्हणायला आता उशीर झाला. हे वाचत बसू नकोस, मी समोर बसलोय. माझ्याशी बोल.